चार विसा

फ्रेंच शिकवणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईत 'का' म्हणून कोणी विचारीत नाही. तिथे बारावीला फ्रेंच घेतले की गुण चांगले पडतात, ही गोष्ट शेजारच्या काकूंनाही ठाऊक असते. पण अमरावतीत आणि अकोल्यात हा प्रश्न मला गेली बावीस वर्षे विचारला जात आहे, आणि तो विचारणाऱ्याच्या स्वरात कुत्सितपणा मुळीच नसतो. असते ते अगदी निर्मळ कुतूहल. अकोल्याच्या एका बी-बियाणेवाल्या दुकानदाराने तर मला एकदा खुर्ची देऊन, पाणी देऊन, मग विचारले, "मॅडम, हे फ्रेंच शिकून पोट्टे करतीन काय?"

या प्रश्नाची माझी उत्तरे वयाप्रमाणे बदलत गेली. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या दगडी इमारतीत शिकून नुकतीच परत आले होते तेव्हा मी मोठ्या ऐटीत दुभाषी, दूतावास, पर्यटन असले शब्द फेकीत असे. मग काही वर्षे मी 'संस्कृती' या शब्दाचा आसरा घेतला. हा शब्द बाकी मोठा सोयीचा. तो उच्चारला की पुढचा माणूस भिऊन गप्प बसतो. आताशा मी एवढेच म्हणते, की फ्रेंच शिकले म्हणजे घरची भाषा जरा नीट ऐकू येऊ लागते. दुकानदाराला हे पटले नाही. "थे तं तशीही आयकू येते," तो म्हणाला. आता त्याचे हे म्हणणे कितपत खरे, हे पाहण्यातच माझे आठवड्याचे सहा दिवस जातात: चार अमरावतीत, घराच्या माडीवर, आणि दोन अकोल्यात, एका ओळखीच्यांच्या रिकाम्या ओसरीत.

या दोन गावांमधल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबराचा थर अखंड घालून जागतिक विक्रम झाला. त्याच रस्त्याने एसटीतून जाताना मला 'तीस दिवसांत फ्रेंच' अशी भिंतीवर रंगवलेली जाहिरात दिसते, आणि वाटते, की विक्रम डांबराचेच बरे.

माझा पहिला धडा संत्र्याचा असतो. वरुड-मोर्शीकडच्या मुलांना संत्र्याविषयी मी काय सांगावे? म्हणून त्यांना फळ न सांगता शब्द सांगते. फ्रेंचमध्ये संत्र्याला म्हणतात 'ओराँझ'. मुले लगेच म्हणतात, "हे तर इंग्लिशच!" इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला. फ्रेंचांनी कुठून? मग आम्ही फळ्यावर उलटे चालत जातो. स्पेनमधला 'नारांखा', अरबांचा 'नारंज', इराणातला 'नारंग', आणि शेवटी संस्कृतातला 'नारंग', आपली 'नारिंगी'. वाटेत कुठेतरी बिचाऱ्याच्या तोंडचा 'न' गळाला. मोर्शीच्या बागेतला मुलगा फळ्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू गावातून फार वर्षांपूर्वी पळून गेलेला कोणी नातेवाईक सूटबूट घालून परत आला आहे. परकी भाषा शिकणे म्हणजे परक्यांच्या घरात चोरपावलांनी शिरणे, ही भीती त्या एका फळाने पुष्कळशी जाते. संत्र्याच्या आधी मी कोणालाही क्रियापद शिकवीत नाही.

कापसाचेही असेच. आमच्याकडे 'जीन' म्हटले की सरकी काढायचा कारखाना. पोरे जी जीन घालतात तिचा या जीनशी काही संबंध नाही. तो शब्द म्हणजे जिनोव्हा या इटालियन शहराचे फ्रेंच नाव, 'झेन'. आणि डेनिम म्हणजे नीम या फ्रेंच गावचे कापड, असे मानतात. पण मुलांना खरी मौज वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून जाणारे छापील सुती कापड फ्रान्समध्ये इतके लोकप्रिय झाले, की त्याला नावच पडले 'अँदिएन', म्हणजे 'हिंदुस्थानी'. तिथले रेशीम आणि लोकर विणणारे हवालदिल झाले, आणि १६८६ साली राजाने त्या कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. बंदी असताना बायका ते चोरून नेसत राहिल्या, ही गोष्ट सांगितली की वर्गातल्या मुलींचा फ्रान्सविषयीचा आदर एकदम वाढतो. आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या त्याच्या दोन-सव्वादोनशे वर्षे आधी तिकडे आपल्या कापडाला बंदी होती, हे आमच्या कापसाच्या मुलखात तरी माहीत असावे.

आकड्यांपाशी मात्र सगळीकडचे विद्यार्थी रडतात. फ्रेंच माणूस एकोणसत्तरपर्यंत शहाण्यासारखा मोजत येतो, आणि सत्तरला पोचला की 'साठ-दहा' म्हणतो. ऐंशीला म्हणतो 'कात्र-व्हँ', म्हणजे चार-वीस. नव्वदला चार-वीस-दहा, आणि नव्व्याण्णवला चार-वीस-एकोणीस. पुण्याच्या आमच्या वर्गात यावर पुष्कळ हशा पिकत असे. तोच हशा मी अमरावतीत अपेक्षिला होता, पण धारणीकडून आलेला एक कोरकू मुलगा शांतपणे म्हणाला, "बरोबर तर आहे." मेळघाटात कोरकूत मोजणी विसांनीच चालते. त्याच्या मागच्या बाकावरच्या मुलीला मग आठवले, की तिची आजीही गोवऱ्या मोजताना 'चार ईसा' म्हणते, आणि तिला आजवर वाटत होते, की आजीला आकडे येत नाहीत.

त्या दिवसापासून मी 'कात्र-व्हँ'चा अर्थ इंग्रजीतून सांगायचे सोडले. चार विसा. संपले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या ऐवजी 'वीस एक' आले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! त्या वादात कोणी फ्रेंचांना साक्षीला बोलावले नाही, नाहीतर दोन्ही पक्षांची पंचाईत झाली असती. आपण 'एकोणऐंशी' म्हणतो, म्हणजे ऐंशीला एक कमी. ते म्हणतात साठ-एकोणीस. कोणाचे डोके अधिक वाकडे, हे मी मुलांवर सोडते.

व्याकरणात मराठी मुलाला जन्मतःच काही इस्टेट मिळालेली असते. टेबल स्त्रीलिंगी का आणि पुस्तक पुल्लिंगी का, असे इंग्रजीच्या सवयीने विचारणाऱ्याला मी त्याचीच वही दाखवते: 'ती वही', 'तो कागद', 'ते पान'. आपण तीन लिंगे सांभाळतो. त्यांच्या दोहोंना काय भ्यायचे? 'त्यू' आणि 'वू' म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. १९६६ पर्यंत फ्रेंच कॅथलिक आपल्या मुख्य प्रार्थनेत देवालाही 'वू' म्हणत, हे सांगितले की विठोबाला अरेतुरे करण्याऱ्या माळकऱ्यांच्या मुलांना त्या देवाची दया येते. आणि 'ओं' हे त्यांचे छोटेसे सर्वनाम तर थेट आपले 'आपण' आहे. 'आपल्याला काय करायचे', 'आपण निघू या', यातल्या 'आपण'मध्ये बोलणारा किती आणि ऐकणारा किती, हे जसे कोणी मोजीत नाही, तसेच त्या 'ओं'चे. इंग्रजीतून हे समजावताना मला अर्धा तास लागे. मराठीतून एक वाक्य पुरते.

अभिवादनाचे सांगते. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना 'बाँझूर' म्हटले नाही, तर माणूस उद्धट ठरतो. वस्तूचे बोलणे त्यानंतर. पाठ्यपुस्तके यावर एक पान खर्च करतात, आणि शहरातली मुले ते पाठ करतात. आमच्या खेड्यातला म्हातारा किराण्याच्या दुकानाची पायरी चढताना 'राम राम' म्हणतो आणि मगच तेलाचा भाव विचारतो. त्याच्या नातवाला 'बाँझूर' शिष्टाचार वाटतो आणि 'राम राम' गावंढळ! संस्कृती शिकवायची म्हणजे आयफेल टॉवरची चित्रे चिकटवायची, असे मला कधी वाटले नाही. तो नातू एकदा आजोबांबरोबर दुकानात जाऊन, कान उघडे ठेवून आला, की माझा अर्धा धडा झाला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले तिच्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दर्यापूर तालुक्यातली एक मुलगी येऊ लागली. बी.एस्सी. झालेली, हुशार, आणि जवळजवळ मुकी. फ्रेंच ग्राहकांशी पत्रव्यवहार करायचे काम कंपन्यांत मिळते असे तिने ऐकले होते. लिहायला दिले की वही स्वच्छ. बोलायला सांगितले की मान खाली. मराठीसुद्धा ती अशी बोले, की प्रत्येक वाक्य तोंडातून काढण्याआधी मनात एकदा धुऊन, पिळून घेत असावी. कारण पुढे कळले. एका मोठ्या शहरातल्या कुठल्याशा कचेरीत ती मुलाखतीला गेली होती. बोलता बोलता 'माझ्या डोयानं पाह्यलं' असे तिच्या तोंडून गेले. समोर तिघे बसले होते. त्यातल्या एकाने तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. तिने म्हटला. तिघेही हसले. हे तिने मला सांगितले तेही पुस्तकी मराठीत. 'डोळा' या शब्दातला 'ळ' तर तिने असा जोर लावून उच्चारला, की मलाच कसेतरी झाले.

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. काळा तो काया, केळी त्या केयी, पोळा तो पोया. हे कोणी आळसाने करीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलूखच असा बोलत आला आहे. आणि योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या पुस्तकात कुटुंबाचा धडा होता. मुलगी म्हणजे 'फीय'. लिहिताना शेवटी दोन 'ल' लिहायचे, आणि वाचताना 'य' म्हणायचे. कुटुंब म्हणजे 'फामीय'. तिथेही दोन 'ल', तिथेही 'य'. आजवर मी हा नियम एका ओळीत सांगून पुढे जात असे. त्या दिवशी मी खडू खाली ठेवला आणि त्या 'य'ची हकीकत सांगितली.

जुन्या फ्रेंचमध्ये तिथे 'ल' आणि 'य' एकत्र कालवलेला एक मऊ उच्चार होता. पॅरिसमधल्या साध्यासुध्या लोकांनी त्यातला 'ल' सोडून दिला आणि नुसता 'य' ठेवला. शिकलेल्यांनी नाके मुरडली. लित्रे या थोर कोशकाराने १८६३ पासून आपला मोठा कोश छापायला घेतला, तर त्यातही 'फीय' असे म्हणू नये म्हणून बजावले. आज लित्रेचा कोश कपाटात आहे, आणि सगळा फ्रान्स, राष्ट्राध्यक्षापासून पाववाल्यापर्यंत, 'फीय' म्हणतो. लित्रेने सांगितलेला उच्चार आज पॅरिसमध्ये कोणी केलाच, तर लोक त्याच्याकडे वळून पाहतील.

वर्गात थोडा वेळ शांतता होती. मग ती मुलगी, मान वर करून, पहिल्यांदाच न धुतलेल्या वाक्यात म्हणाली, "म्हंजे मॅडम, तिकडं डोयाच जिंकला काय?"

हसे झाले. पण ते निराळे हसे होते, आणि ती स्वतःही त्यात होती.

मला इथे फ्रेंचांची भलावण करायची नाही. एका 'य'ला मान मिळाला म्हणून त्या देशाने बोलीभाषांना पोटाशी धरले असे मुळीच नाही. १८८१-८२ च्या कायद्यांनी तिथे शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याच काळच्या शाळांतून, घरी ब्रतों किंवा ओक्सितान बोलणारे पोर तसे बोलताना सापडले, तर त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुना खडावा अडकवीत. त्याने दुसरा गुन्हेगार पकडून दिला, की ते लोढणे त्याच्या गळ्यात जाई. याच दक्षिणेकडच्या भाषेत लिहिणाऱ्या मिस्त्राल या कवीला १९०४ साली नोबेल मिळाले, ही वेगळी गोष्ट.

दोदेची 'शेवटचा तास' ही कथा आपल्याकडे पुष्कळांनी शाळेत वाचलेली असते. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सास जर्मनांकडे गेला, आणि उद्यापासून शाळेत जर्मन शिकवणार, म्हणून म्हातारे आमेल गुरुजी फ्रेंचचा अखेरचा धडा देतात. वाचताना घसा दाटतो. माझाही दाटतो, दर वर्षी दाटतो. पण कथा संपली की मी मुलांना विचारते: या पोरांची आई त्यांना जेवायला कोणत्या भाषेत हाक मारीत असेल? खरे असे, की आल्सासमधल्या बहुतेक घरांत जर्मन वळणाची स्वतंत्र बोली बोलत. गुरुजी ज्या भाषेसाठी रडतात ती शाळेची भाषा. येणारी जर्मन तीही शाळेचीच. घरच्या बोलीसाठी त्या कथेत कोणी डोळे पुसत नाही. आमेल गुरुजींवर माझे प्रेम आहे, पण भाषेच्या मास्तराने ही कथा दोनदा वाचावी. एकदा गुरुजींच्या खुर्चीत बसून, आणि एकदा मागच्या बाकावरून.

आमच्या बाजूला तर याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, मराठी गद्याचा पहिला ग्रंथ. चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांना एका पंडित शिष्याने संस्कृतात काही विचारले, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितले, की मला ते कळत नाही, स्वामींनी मला मराठीतच सांगितले आहे. आणि ग्रंथ संस्कृतात करू नका, आमच्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, असेही बजावले. त्या म्हाताऱ्या कोणत्या उच्चाराने बोलत होत्या, कोण जाणे! त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. एका रविवारी मी वर्गाला घेऊन तिथे गेले होते. फ्रेंचच्या वर्गाची सहल रिद्धपूरला का, असे एका पालकांनी विचारले. मी म्हटले, पॅरिसचे भाडे तुम्ही देता का?

तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये आहेत. गी देलरी या जेझुइट पाद्र्याने पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर पायी चालून ते केले, आणि १९५६ साली पॅरिसला ते पुस्तक निघाले. वरच्या वर्गाला मी त्यातले पान देण्याआधी एकच शब्द देते, 'माउली', आणि फ्रेंच करायला सांगते. देव पुरुष, हाक आईची, आणि फ्रेंच विशेषणाला दर वेळी लिंग ठरवून हवे. एक मुलगा विशेषण पुल्लिंगी करतो, दुसरी स्त्रीलिंगी; तास संपतो, भांडण संपत नाही. अशी भांडणे मला फार आवडतात. माझ्या गुणपत्रिकेत त्यांना रकाना नाही, एवढेच.

दर्यापूरची ती मुलगी दोन वर्षांनी 'देल्फ'च्या परीक्षेला बसली. पुण्याचे केंद्र घेतले होते. तोंडी परीक्षेत बाईंनी तिला गावाविषयी बोलायला सांगितले. तिचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. 'खारपाणपट्टा' याला फ्रेंच शब्द काय, हे मी शिकवले नव्हते. तो कोणत्या पुस्तकात असणार? तिने तो सांगितला तो असा: जमिनीखालचे पाणी खारे, विहीर खणली तरी ते पिकाला चालत नाही, माणसाला चालत नाही, पावसाची ओल जमीन धरून ठेवते, तिच्यावर हरभरा येतो. दहा मिनिटे बोलली. श्रुतलेखनासारख्या ऐकून लिहिण्याच्या भागात तिला बेताचेच गुण पडले, तोंडीत मात्र उत्तम.

निकालानंतर तिचे वडील तिला घेऊन माडीवर आले. हातात हिरव्या हरभऱ्याची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, थ्या बाईले आपलं खारं पानी समजलं काय?"

"समजलं," मी म्हटले. "त्यांनी उलट विचारलं, की मग प्यायचं पाणी कुठून आणता?"

त्यांनी मुलीकडे पाहिले. "मंग तू काय सांगतलं?"

"टँकर सांगतला, बाबा."

"टँकरले काय म्हंते तिकडं?"

"सितेर्न."

"शितेर्न," त्यांनी घोळवून पाहिले. मग पिशवीचे तोंड सोडून घाट्यांनी लदलेली डहाळी बाहेर काढली. "आन् याले?"

"प्वा शीश."

"पोया?" ते म्हणाले, आणि डहाळी माझ्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यावरच ठेवून दिली.